मनोविकार आणि किरणशस्त्रक्रिया
(नामपूर येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



‘मंत्रचळ’ हा शब्द आपण थट्टेने वापरतो. परंतु ज्याचे हात तासन्‌तास धुऊन सोलून निघतात, दाराची कडी पाहण्यास जो रात्रभर उठतो, त्याला ती दारुण व्याधी असते. पुष्कळांस औषधे व वर्तनोपचार यांनी आराम पडतो. ज्या थोड्यांस वर्षानुवर्षांच्या उपचारांनीही पडत नाही, त्यांच्याकरिता जगातील मोजक्या केंद्रांत किरणशस्त्रक्रिया योजतात.

स्वीडनचे शस्त्रवैद्य लार्स लेक्सेल यांनी ही कल्पना १९५१ साली मांडली. ‘गॅमा नाइफ’ या यंत्रात सुरी नसतेच. कोबाल्टचे सुमारे २०० क्षीण किरण निरनिराळ्या दिशांनी येऊन एकाच बिंदूवर मिळतात आणि तेथील ज्ञानतंतू निकामी करतात. कवटी उघडावी लागत नाही. गुण येण्यास मात्र महिने लागतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात हे यंत्र १९९७ च्या सुमारास आले. त्याचा मुख्य उपयोग मेंदूतील गाठींसारख्या विकारांवर होतो, मनोविकारांवर क्वचितच.

हा संकोच योग्यच आहे. पोर्तुगालचे डॉ. मोनिझ यांनी १९३५ साली मेंदूचे तंतू तोडण्याची क्रिया सुरू केली. १९४९ साली त्यांस नोबेल पारितोषिकही मिळाले. पुढे हजारो रुग्णांवर ती झाली. कित्येक शांत झाले, परंतु त्यांची उमेद व माया मावळली. शांत होणे म्हणजे बरे होणे नव्हे! आणि एकदा निकामी झालेला तंतू पुन्हा जुळत नाही, मग तो सुरीने तुटो वा किरणाने.

म्हणूनच २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की, मनोविकारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करावयाची तर खुद्द रुग्णाची समजून दिलेली संमती हवी आणि मानसिक आरोग्य मंडळाची मान्यताही हवी. बापाची वा भावाची सही तेथे पुरत नाही. रुग्णास साखळीने बांधण्यासही याच कायद्याने मनाई आहे.

बंधुभगिनींनो, सोयरीक मोडेल या भयाने आपण आजार झाकतो, भगताकडे वर्षे घालवितो आणि शेवटी एखाद्या यंत्राकडून चमत्काराची अपेक्षा धरतो. हा क्रम उलटा करू या. पहिल्या लक्षणासच मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. ज्याच्या संमतीवाचून कायदा त्याच्या मेंदूस हात लावू देत नाही, त्याचे म्हणणे घरात तरी आपण ऐकून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.