ऐकीव माहिती आणि वर्षभराचं वाचन
(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या वर्षभरात काय वाचलंस ते सांग, असं संयोजकांनी मला सांगितलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. डिग्रीची चार वर्षं आणि त्यानंतरची नोकरीची वर्षं मी जे वाचलं ते परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी नाहीतर क्लायंटसाठी. गेल्या जानेवारीत ठरवलं, की कंपनीच्या बसमध्ये जाताना पाऊण तास मोबाइलऐवजी पुस्तक उघडायचं. अकरा पुस्तकं पूर्ण झाली, चार अर्धवट सोडली. सोडल्याचं वाईट वाटून घेऊ नका. नाही पटलं पुस्तक, तर ठेवून द्यायचं.

निवडीचा नियम मात्र ठेवला होता. ज्या गोष्टीवर आपण नेहमी वाद घालतो, पण जिचा मूळ कागद कधी पाहिलेला नसतो, ती आधी वाचायची.

म्हणून सुरुवात सच्चर समितीच्या अहवालापासून केली. मार्च २००५ मध्ये नेमलेली ही समिती, अध्यक्ष न्या. राजिंदर सच्चर. नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल संसदेत आला. चारशेहून जास्त पानं आहेत आणि तक्तेच तक्ते. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मला एकदा सहज विचारलं गेलं, "तुमच्यात मुलं मदरशातच जातात ना?" अहवाल सांगतो, शाळेच्या वयाच्या शंभर मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम तीन-चार. हा आकडा मला पाठ झालाय. पण त्याच अहवालात दुसराही आकडा आहे. ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच गळाली होती. पदवीधरांचं प्रमाण चार टक्क्यांहून कमी, तेव्हा देशाचं सात टक्क्यांच्या आसपास होतं. पहिला आकडा आपण कॅन्टीनमध्ये सांगतो. दुसरा मोहल्ल्यात सांगायला हवा, कारण तिथं अजूनही "शिकून कुठं नोकरी लागणार?" असं ऐकू येतं. आकडे आता जुने झालेत. पण एका बाजूचे आकडे उचलून भाषण ठोकणं सोपं असतं, हे पूर्ण अहवाल वाचला की कळतं.

दुसरं पुस्तक माझ्या धंद्यातलं. आम्ही दिवसभर ज्याला अल्गोरिदम म्हणतो, तो शब्द अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला. नवव्या शतकातल्या बगदादचा हा गणिती. अल्जिब्रा हा शब्द त्याच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून. एवढं आपण अभिमानानं फॉरवर्ड करतो आणि थांबतो. फ्रेडरिक रोझेन यांनी १८३१ मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर मी वाचायला घेतलं. मूळ मजकुरात एकही चिन्ह नाही, समीकरणं सगळी शब्दांत लिहिलेली. आणि ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग वारसा आणि मृत्युपत्राच्या हिशोबांचा! बीजगणित कशासाठी हवं, तर वाटण्या नीट व्हाव्यात यासाठीही.

त्यातलं एक उदाहरण असं. एक स्त्री वारली, मागे नवरा, एक मुलगा, तीन मुली. मृत्युपत्रातलं देणं वजा केलं की उरलेल्याचे वीस भाग करायचे. नवऱ्याला पाच, मुलाला सहा, प्रत्येक मुलीला तीन.

हे वाचताना मला आमचं गावचं घर आठवलं. दादाजींचं घर, दादी त्यांच्या आधीच गेलेल्या. मागे अब्बा आणि तीन फुप्या. म्हणजे पाच भाग, दोन अब्बांचे आणि एकेक प्रत्येक फुप्पीचा. पाचातले तीन भाग ज्यांचे, त्यांचं नाव प्रॉपर्टी कार्डावर नाही. आमच्याच घरी असं आहे असं नाही. "बहिणीनं हक्क सोडला" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. तिला कोणी विचारलं होतं का, हे मात्र क्वचितच ऐकलं असेल.

मी तो हिशोब कागदावर मांडून अब्बांसमोर ठेवला. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फुप्यांना विचार." मोठी फुप्पी म्हणाली, "बेटा, मला माहेर राहू दे, हिस्सा नको." तिला भीती होती, की हिस्सा मागितला तर ईदला बोलावणं यायचं बंद होईल. धाकटीनं आधी कागदच मागितला, चष्मा लावून दोनदा वाचला. अब्बांनी मोठीला फोन करून सांगितलं, "आपा, माहेर कुठं जात नाही." तिघींची नावं लावायचा अर्ज दिला आहे, नोंद अजून व्हायची आहे. मुलीला मुलाच्या निम्मं का, हा प्रश्न तुमच्यातल्या अनेकींच्या मनात आहे आणि तो विचारायलाच हवा. पण आपण तर आज ते निम्मंही देत नाही, यावर आधी बोलू.

तिसरी लेखिका बंगालची, रुकैया सखावत हुसैन. १९०५ मध्ये मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात त्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा आली. त्या देशात बाहेरचा कारभार बायका बघतात आणि पुरुष मर्दान्यात. एका विद्यापीठातल्या बायका ढगांतून पाणी ओढून घेतात, दुसऱ्या विद्यापीठातल्या सूर्याची उष्णता साठवतात आणि तिच्याच जोरावर शत्रूला पळवून लावतात. कामाचे तास दिवसाला दोन. हे वाचून आमच्या टीममधल्या मुली म्हणाल्या, तिथं व्हेकन्सी आहे का बघ!

रुकैया स्वतः कधी शाळेत गेल्या नव्हत्या. भावानं रात्री चोरून इंग्रजी शिकवलं. नवऱ्याच्या निधनानंतर त्यांनी १९०९ मध्ये भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली आणि १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींची. शाळेची बस पडद्यासाठी इतकी बंद, की आत मुली घुसमटायच्या. थोडी हवा खेळती केली, तर पडदा उडतो म्हणून तक्रारीची पत्रं यायची. सूर्याची उष्णता साठवायचं स्वप्न लिहिणारी बाई रोज त्या बसच्या पडद्याचा प्रश्न सोडवत होती. मला कथेपेक्षा ही हकिगत जास्त लक्षात राहिली. मोठी कल्पना लिहून त्या थांबल्या नाहीत, मुली गोळा करायला दारोदार गेल्या.

आता थोडं मराठीबद्दल. "तुम्ही मराठी छान बोलता हो!" हे कौतुक आपण सगळ्यांनी झेललंय. यंदा मी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' थोडा थोडा वाचला. सतराव्या शतकातला मराठी ग्रंथ, भाषा कठीण, अजून निम्माच झालाय. मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' मात्र दोन रात्रींत संपवलं. शाहीर अमर शेखांच्या या मुलीनं घरातलं जे लिहिलंय, ते मराठीत कुणीही सहज लिहिलेलं नाही. संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण १९९० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पुढच्या वेळी कौतुक झालं, की ही तीन नावं सांगा. भांडण करायची गरज नाही.

वाचायचं कसं, हे काहीजण विचारतात. मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक पुस्तकासमोर एकच प्रश्न लिहितो, ज्याचं उत्तर मला घरात किंवा गल्लीत शोधावं लागेल. फुप्यांचा प्रश्न त्याच वहीत लिहिला होता. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी आपल्या महिन्याच्या रिचार्जपेक्षा कमी असते. सच्चर अहवाल इंटरनेटवर फुकट आहे.

तीन महिन्यांनी आपण इथंच भेटणार आहोत. तेव्हा प्रत्येकानं एक पुस्तक आणि एक प्रश्न घेऊन या. आणि भावांनो, त्याआधी घरचं प्रॉपर्टी कार्ड एकदा काढून बघा.