पंप सारखा चालू-बंद का होतो?

घरात कुणी नळ उघडलेला नाही, सगळे झोपलेले आहेत आणि परसातल्या विहिरीवरचा पंप आपोआप सुरू होतो. अर्धा मिनिट चालतो, टक्कन बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. विहिरीचं पाणी गच्चीवरच्या टाकीत न चढवता प्रेशर पंपाने थेट नळांना दिलेलं असेल, तर त्या घरात ही तक्रार आज ना उद्या येतेच. कोकणात, गोव्यात, शहराबाहेरच्या बंगल्यांतून अशी घरं आता पुष्कळ झाली आहेत. मी पंपदुरुस्तीचं काम करतो. माझा अनुभव असा, की या तक्रारीत दोष मोटरीत क्वचित निघतो. पण बदलली जाते ती मात्र मोटर.

सावंतवाडीकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी दोन वर्षांत दोन मोटरी जळाल्या होत्या. दुकानदाराने तिसरी, जास्त हॉर्सपॉवरची घ्या म्हणून सांगितलं होतं. पेन्शनीतून दरवर्षी मोटर घ्यायची म्हणजे काही गंमत नव्हे. त्यांच्याकडे कमी काय पडलं होतं? तर हवा. सायकलच्या ट्यूबमध्ये भरतो तीच.

पंपाशेजारी लोखंडी पत्र्याची एक बंद टाकी असते, साधारण २४ लिटरची. घरातल्यांना वाटतं, ही पाण्याची टाकी. तिच्या आत रबराची पिशवी असते. पिशवीत पाणी जातं आणि बाहेरच्या पोकळीत हवा असते. पाणी काही दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. दाब वाढला की हवेचं आकारमान त्या प्रमाणात घटतं, हा रॉबर्ट बॉईलने १६६२ साली मांडलेला नियम आपण शाळेत घोकलेला आहे. तोच नियम या टाकीत काम करतो. पंप पाणी कोंबतो, हवा आक्रसते. पंप बंद झाल्यावर तीच हवा स्प्रिंगसारखी पाण्याला नळाकडे ढकलते. दाब ४० पौंडांवर गेला की प्रेशर स्विच पंप बंद करतो आणि २० पौंडांवर उतरला की चालू करतो. (पौंड म्हणजे पंक्चरवाला म्हणतो तेच पौंड.) हवा बरोबर असेल तर या २४ लिटरच्या टाकीतून पंप न लागता सुमारे आठ लिटर पाणी मिळतं. हवा निघून गेली की टाकी पाण्याने गच्च भरते, स्प्रिंग उरत नाही. मग पेलाभर पाणी घेतलं तरी दाब धाडकन उतरतो आणि पंप लागतो. हात धुतले, पंप लागला. तांब्या भरला, पंप लागला. मोटर सुरू होताना एका क्षणापुरता नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. दिवसातून वीस वेळा हे झालं तर ती सोसते. शेकडो वेळा झालं की वाइंडिंग तापतं, कपॅसिटर जातो, स्विचचे पॉइंट जळतात. मग लोक म्हणतात, मोटर खराब लागली.

हवा तपासायची रीत सोपी आहे, पण ती क्रमानेच करावी. आधी मेन स्विच बंद. मग नळ उघडून गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत पाणी सोडून द्यायचं. टाकीत पाण्याचा दाब असताना हवा मोजली तर मोजमाप पाण्याच्या दाबाचंच होतं, त्याला अर्थ नाही. टाकीच्या टोकाला टोपणाखाली स्कूटरच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. पंप २० पौंडांवर लागत असेल तर हवा १८ पौंड हवी. कमी असेल तर हातपंपाने भरावी. मात्र त्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं, तर आतली पिशवी फाटली असं समजावं. कितीही हवा भरली तरी ती राहणार नाही. बऱ्याच टाक्यांची पिशवी वेगळी मिळते. मोटरीच्या मानाने ती पुष्कळ स्वस्त.

आता, नळ सगळे बंद असताना पंप लागत असेल तर ते प्रकरण निराळं. पाणी कुठेतरी जात आहे. घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं गेजच्या काट्याकडे बघत बसा. काटा जागचा हलला नाही, तर गळती घरात. बहुतेक वेळा ती संडासाच्या फ्लशच्या टाकीत असते आणि तिचा आवाजही येत नाही. टाकीत थोडी नीळ टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं की चोर सापडला. आणि व्हॉल्व्ह बंद करूनही काटा खाली येत राहिला, तर पाणी उलट विहिरीत उतरतं आहे. सक्शन पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो, आपल्याकडे गावात त्याला सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात. त्यात काडी, शेवाळ, नाहीतर वाळूचा खडा अडकला की तो नीट बसत नाही. पाइप वर ओढून काढा, साफ करा, वॉशर बदला. त्यासाठी विहिरीत उतरू नका. बंदिस्त, वापरात नसलेल्या विहिरीत तर नाहीच. तळाशी साचलेली दूषित हवा डोळ्यांना दिसत नाही.

मार्च-एप्रिलपर्यंत गुण्यागोविंदाने चालणारा पंप मे महिन्यात चालू-बंद व्हायला लागला, नळ उघडा असतानाच मधे थांबायला लागला, तर मात्र विहिरीत डोकावून बघा. काठावरचा पंप व्यवहारात सात-आठ मीटरच्या खालून पाणी ओढू शकत नाही. हवेचा दाबच त्याहून फार वर पाणी चढवू देत नाही, मग हॉर्सपॉवर कितीही असो. ही गोष्ट मोठा पंप विकणारे सहसा सांगत नाहीत.

विहीर तासाला किती पाणी देते, हे घरच्या घरी कळतं. पंप चालवून पाणी खाली नेऊन थांबा आणि दगड बांधलेल्या दोरीने पातळी मोजा. तासाभराने पुन्हा मोजा. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी चढलं, म्हणजे साधारण साडेनऊशे लिटर आलं. एक हॉर्सपॉवरचा पंप तेवढ्याच वेळात दोन-अडीच हजार लिटर सहज ओढतो. झरे देतात त्याच्या दुपटीहून जास्त तुम्ही मागता आहात. अशा विहिरीवर दीड हॉर्सपॉवरचा पंप बसवणं म्हणजे ती लवकर कोरडी करणं. त्यापेक्षा डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवावा, सकाळी-संध्याकाळी नेमक्या वेळी पाणी काढून वरच्या टाकीत साठवावं आणि पंपाला ड्राय रन संरक्षण बसवून घ्यावं. पाणी हीच पंपाच्या सीलची थंडाई असते. कोरडा चालला की सील थोड्या वेळात जळतं.

एक प्रकार विजेचा. पंप एकदा थांबला की दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप लागतो आणि मोटरीला हात लावता येत नाही इतकी ती तापलेली असते. हा आतल्या थर्मल ओव्हरलोडचा खेळ. व्होल्टेज २३०च्या जागी १८०वर आलं की मोटर जास्त करंट घेते, तापते, थांबते, निवते आणि पुन्हा सुरू होते. म्हणूनच, पंप बंद दिसला तरी मेन स्विच काढल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. ओल्या जागेवरचं यंत्र आहे. अर्थिंग तपासलेलं असावं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा. यात काटकसर करू नका.

शेवटी, मेकॅनिकला फोन कराल तेव्हा ‘पंप बिघडलाय’ एवढंच सांगू नका. नळ बंद असताना लागतो की उघडा असताना, किती वेळाने लागतो, काटा कुठून कुठे जातो, विहिरीत पाणी किती आहे, हे आधी बघून ठेवा आणि त्याला सांगा. तो निघतानाच वॉशर घ्यायचं की पिशवी, ते ठरवून निघेल.