माळावरची फोडशी



आजचा आमचा विषय बोटभर लांबीच्या एका मुळीचा आहे. विषय लहान खरा. पण तो आपल्या पायाखालचा आहे.

मृगाचे पहिले पाऊस पडले, की पालघर आणि बोईसर स्टेशनांबाहेर आदिवासी बाया पाट्या घेऊन बसतात. पाटीत गवतासारख्या लांब, हिरव्या पानांच्या जुड्या असतात. कोणी तिला फोडशी म्हणतो, कोणी कुळू, कोणी कोळी भाजी. कांदा आणि भिजवलेली डाळ घालून परतलेली ही भाजी आपण सर्वांनी खाल्ली आहे. परंतु हे गवत नव्हे. पानांच्या बुडाशी, जमिनीखाली, मांसल मुळ्यांचा झुबका असतो. पुढे पाऊस स्थिरावला म्हणजे पानांतून दांडा उठतो आणि त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुले येतात. औषधी बाजारात ‘सफेद मुसळी’ म्हणून जी वाळलेली मुळी विकतात, ती याच वनस्पतीच्या गणातली. तिच्या शास्त्रीय नावात आपल्या शेजारची बोरिवली आहे. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’ असे तिचे नामकरण झाले. मुंबईच्या गॅलऱ्यांत टांगलेले पांढऱ्या पट्ट्यांचे ‘स्पायडर प्लांट’ हे तिचेच आफ्रिकेतले भावंड. परक्या भावंडाला आपण कुंडी दिली. घरची मुलगी मात्र माळावरच राहिली.

तो माळही आता पूर्वीचा राहिलेला नाही. आपल्या वरकस जमिनींवर एके काळी गवत हेच मोठे पीक होते. मुंबईच्या तबेल्यांसाठी येथून गवताच्या गासड्या जात. त्या गवताच्या कापणीची मजुरी हा १९४५ सालच्या वारल्यांच्या लढ्यातला एक प्रमुख प्रश्न होता, हे गोदावरी परुळेकरांचे कार्य ठाऊक असणाऱ्यांस सांगावयास नको. गवताच्या त्या कापणीने मजूर नाडला गेला, पण फोडशी नाडली गेली नाही. याचे कारण साधे आहे. गवत पिकून कापणीला येते ते पावसाळा सरल्यावर. तोवर फोडशीची पाने पिवळी पडून गळालेली असतात आणि मुळी जमिनीत झोपी गेलेली असते. विळा तिच्या डोक्यावरून जातो, तिला समजतही नाही. पुढे तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. हातांना काम मिळाले, हे आम्ही नाकारीत नाही. पण विळ्याखाली तगणारी मुळी सिमेंटखाली तगत नाही, हेही खरेच.

म्हणून आम्ही ती आमच्या वाडीत लावण्याचे ठरविले, आणि पहिल्याच वर्षी फसलो. पाण्याचे सुख असावे म्हणून भातखाचराच्या कडेला रोपे लावली. श्रावणात पाने लोळली. उपटून पाहतो तो मुळ्या कुजलेल्या. शेजारच्या पाड्यावरची एक वृद्ध बाई ते पाहून हसली आणि म्हणाली, “माळावर तिला कोण पाणी घालतो?” आमच्या साऱ्या पुस्तकी ज्ञानाला तेवढे एक वाक्य पुरले.

दुसऱ्या वर्षी उंच गादीवाफा केला, माती भुसभुशीत ठेवली, पाणी साचू दिले नाही. बियांची उगवण फार थोडी. म्हणून मुळ्यांच्या झुबक्याचा माथाच लावावा लागतो. माथा म्हणजे जेथून कोंब फुटतो तो भाग. दोन-तीन मुळ्या त्याला राहू द्याव्यात आणि पावसाच्या आरंभी वीतभर अंतराने लावावे. खरी परीक्षा पुढेच असते. पाने गळाली की वाफा मेल्यासारखा दिसतो, आणि माणसाचा हात उकरण्यासाठी शिवशिवतो. तेव्हा थांबावे. मुळीची साल काळपट तपकिरी होईपर्यंत ती जमिनीतच पक्व होते. मग हवी तेवढी काढावी आणि माथे सावलीत, कोरड्या वाळूत, पुढच्या मृगासाठी जपून ठेवावेत.

या मुळीचा एकदा मोठा बोलबाला झाला होता. आपल्या राज्यात अनेकांनी महागडे बेणे विकत घेऊन तिची लागवड केली. पुढे भाव उतरले आणि पुष्कळांचे हात पोळले. आम्ही तुम्हांला त्या वाटेने नेऊ इच्छीत नाही. आमचे सांगणे निराळे आहे. पान खुडणारा आणि मुळी उपटणारा यांत मोठे अंतर आहे. पान खुडले तरी झाड जमिनीत राहते. वारली पाड्यांवर तर नवी भाजी देवाला दाखविल्यावाचून तोंडात घालीत नाहीत, एवढा तिचा मान. मुळीसह माथा गेला, की त्या जागेचे पुढचे सारे पावसाळे गेले. लागवड करणाराही रानातून झुबके उपटून आणू लागला, तर तो माळी नव्हे, उपटणाराच. बेणे लावणाऱ्याकडूनच घ्यावे, आणि घेतले त्याहून अधिक माथे मातीला परत द्यावेत.

ज्यांच्यापाशी दोन गुंठे वरकस उरली असेल, त्यांनी तिचा एक पट्टा गवताखाली तसाच राहू द्यावा. ज्यांच्यापाशी तेवढेही नसेल, त्यांनी गॅलरीतल्या कुंडीत एक माथा लावावा. वैशाखात कुंडी रिकामी दिसेल. टाकून देऊ नये. मृगात तिच्यात हिरवी पाती दिसली, की आमचे आजचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.