अंगणांतलें जेट एंजिन



मनुष्याला छंद कशाचा जडेल याचा नेम नाहीं. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं घड्याळें उघडून पुन्हां जुळवीत बसतो. इंग्लंड-अमेरिकेंत असेहि कांहीं गृहस्थ आहेत कीं, ते सेवेंतून काढलेल्या विमानाचें अख्खें जेट एंजिन विकत घेतात, घरामागच्या शेडमध्यें महिनोन् महिने खपून तें दुरुस्त करतात, आणि एखाद्या रविवारीं लोखंडी चौकटीवर बसवून चालूहि करतात. विमान नाहीं, उड्डाण नाहीं. मेलेलें यंत्र पुन्हां जिवंत झालेलें पाहावें, एवढाच हेतु. या छंदाविषयीं आणि त्यांतील धोक्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या लोकांना वेडे ठरविण्याचा माझा विचार नाहीं. जेट एंजिनाचा जन्मच मुळीं अशा खटाटोपांतून झाला. जर्मनींत हान्स फॉन ओहाइन हा तरुण संशोधक ग्योटिंगेन येथें आपली मोटार ज्या गॅरेजमध्यें दुरुस्तीस देई, तेथल्याच माक्स हान नांवाच्या मेकॅनिककडून त्यानें आपल्या एंजिनाचा पहिला नमुना घडवून घेतला. तो नमुना नीट चालला नाहीं. मागल्या तोंडांतून ज्वाळाच बाहेर पडत. परंतु त्याच खटपटीचें फळ म्हणजे २७ ऑगस्ट १९३९ रोजीं उडालेलें 'हाइंकेल १७८' हें टर्बोजेटवर चालणारें जगांतील पहिलें विमान.

त्याच सुमारास इंग्लंडांत फ्रँक व्हिटल हा हवाई दलांतील अधिकारी स्वतंत्रपणें याच मार्गानें जात होता. १२ एप्रिल १९३७ रोजीं रग्बी येथील एका कारखान्यांत त्यानें आपलें एंजिन प्रथम चालविलें. बघतां बघतां त्याचा आवाज चढला, वेग हाताबाहेर गेला. व्हिटलनें जळणाची झडप तत्काळ बंद केली. तरी वेग वाढतच राहिला! भोवतालची मंडळी वाट फुटेल तिकडे पळाली. व्हिटल मात्र जागचा हलला नाहीं. तें धैर्य नव्हतें, भीतीनें पाय खिळले होते, असें त्यानेंच पुढें प्रांजळपणें सांगितलें आहे. कारण मागाहून उमगलें. जळण गळून एंजिनाच्या पोटांत आधींच सांचलें होतें. झडप मिटली तरी त्या सांठ्यावर आग भडकतच राहिली. मग सांचलेलें जळण वाहून जावें म्हणून निचऱ्याची सोय केली.

ही गोष्ट मीं मुद्दाम सांगितली. ज्याच्या बुद्धींतून तें एंजिन निघालें, त्यालाहि तें त्या दिवशीं थांबवितां आलें नाहीं. या छंदांत पडणाऱ्यानें एंजिन चालू कसें करावें याच्या आधीं तें थांबवावें कसें, हें शिकलें पाहिजे.

हौशी मंडळींच्या हातीं येणाऱ्या एंजिनांपैकीं 'व्हायपर' हें उदाहरणादाखल घेऊं. मुळांत तें जिंडिव्हिक नांवाच्या वैमानिकरहित लक्ष्य-विमानासाठीं, थोड्या तासांच्या आयुष्याचें म्हणून आखलेलें होतें. पुढें तें टिकाऊ करून शिकाऊ विमानांत बसविलें. आपल्या हवाई दलाच्या 'किरण' विमानाच्या पहिल्या प्रकारांतहि तेंच होतें. लहानशा गाड्यावर मावणारें हें यंत्र सुमारें १,१३० किलोंचा रेटा देतें. ब्रेक लावून उभी केलेली लहान मोटारहि फरफटत जावी, इतका तो आहे. चौकट जमिनींत पक्की जखडली नसेल तर गाड्यासकट एंजिन चालूं लागेल, हें उघड आहे.

अशा एंजिनाचा धोका समोरून निराळा, मागून निराळा आणि बाजूनें निराळा असतो.

पुढचें तोंड हवा ओढतें. ही ओढ डोळ्यांना दिसत नाहीं. चार पावलें दूर ती फारशी जाणवतहि नाहीं, आणि जवळ गेल्यावर ती आवरत नाहीं. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्रीं मुंबईच्या विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एका विमानाच्या एंजिनांत एक तंत्रज्ञ ओढला जाऊन मृत्यु पावला. तो तर त्या कामांतला जाणता माणूस होता. मग तमाशा पाहावयास आलेल्या शेजारच्या मुलाची काय कथा?

मागच्या तोंडांतून कित्येकशें अंश तपमानाचा झोत निघतो. त्यापुढें वाळलेलें गवत पेटतें आणि जमिनीवरचे खडे गोळीसारखे उडतात.

बाजूचा धोका सर्वांत फसवा, कारण तेथें कांहींच दिसत नाहीं. आंतलें चाक मिनिटाला तेरा हजारांहून अधिक फेरे घेतें. हिशेब करून पाहा: अक्षापासून २० सेंटिमीटरवर बसविलेल्या ५० ग्रॅमच्या पात्याला १३,००० फेऱ्यांच्या वेगांत सुमारें १,९०० किलोंची ओढ बसते, त्या एवढ्याशा पात्याला जणूं दोन लहान मोटारी टांगल्या आहेत! एखादें पातें तुटलें तर बाहेरचें कवच बहुधा त्याला अडवितें. परंतु सबंध चाकच फुटलें तर कवचाचा उपयोग नाहीं. १९ जुलै १९८९ रोजीं अमेरिकेंत एका डी.सी. १० विमानाच्या शेपटींतील एंजिनाचें पुढचें चाक हवेंतच फुटलें. धातूंत वर्षानुवर्षें वाढत गेलेली एक भेग त्याचें कारण होती. तुकड्यांनीं विमान वळविणाऱ्या तिन्ही यंत्रणा निकामी केल्या, आणि सू सिटी येथें उतरतांना तें विमान कोसळून ११२ माणसें दगावलीं. त्या चाकाची वेळोवेळीं तपासणी होत असे, तरी ही गत झाली. अंगणांतल्या एंजिनाची तपासणी कोण करणार? म्हणूनच जाणते हौशी लोक फिरणाऱ्या चाकाच्या रेषेंत स्वतः उभे राहत नाहींत, व दुसऱ्यालाहि राहूं देत नाहींत.

यांशिवाय लहानसहान वाटणारे धोके आहेतच. ठिणगी पाडणाऱ्या पेटींत सांठलेली वीज बटण बंद केल्यावरहि प्राण घेऊं शकते. जुन्या एंजिनांचीं कांहीं कवचें मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचीं असतात; तीं पेटलीं तर पाण्यानें आग विझत नाहीं, उलट भडकते. पूर्ण वेगांतील एंजिनाजवळ आवाज १३० डेसिबलच्या पलीकडे जातो. आपल्या देशांतील २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. शेजाऱ्याचा राग एक वेळ निवळेल, पण बधिर झालेला कान पुन्हां पहिल्यासारखा होत नाहीं.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हवाई दल असें एंजिन विकतें तें बहुधा त्याच्या भागांना नेमून दिलेले तास संपलेले असतात म्हणून, किंवा तें विमानच मोडींत निघालें म्हणून. सेवेंत असतांना त्या एंजिनाभोंवतीं जाड भिंतींची चांचणीची खोली होती, तासागणिक नोंद करणारी वही होती, आणि आपापलें काम नेमलेलीं माणसें होतीं. लिलावांत एंजिन मिळतें. ही शिस्त मिळत नाहीं. ती ज्याची त्यानें उभी करावी लागते. चांगला हौशी पुरुष ती करतोहि. तो पुढच्या तोंडावर मजबूत जाळी बसवितो. जळण तोडण्याच्या दोन कळा ठेवतो, त्यांतली एक दूर, दुसऱ्या माणसाच्या हातीं. एंजिन पहिल्या खेपेस पेटलें नाहीं तर तो लगेच दुसरी ठिणगी पाडीत नाहीं. आंतलें जळण निथळूं देतो, कोरडेंच फिरवून वाफा बाहेर घालवितो, आणि मग पुन्हां प्रयत्न करतो. व्हिटलला त्या दिवशीं मिळालेला धडा असा आजहि उपयोगीं पडतो.

आपल्याकडे विमानाचें एंजिन घरीं येण्याचा संभव थोडा. परंतु ट्रकचा जुना टर्बोचार्जर भंगार बाजारांत मिळतो, आणि त्याचें छोटें जेट एंजिन करतां येतें, हें पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. आकार लहान म्हणून धोका लहान, असें मात्र नाहीं. त्याचें चाक तर याहूनहि जलद फिरतें. आपल्या घरांतील मुलानें उद्यां असा विषय काढला, तर त्याला एकदम नाहीं म्हणूं नका. दटावलेला छंद गच्चीवर चोरून चालतो, आणि तेंच अधिक वाईट. त्याला तीन प्रश्न विचारा. जळणाची कळ बंद करूनहि हें थांबलें नाहीं, तर तूं काय करशील? त्या वेळीं कोण कोठें उभें असेल? आणि तुला इजा झाली, तर तें बंद करणारा दुसरा माणूस कोण?

या तिहींचीं उत्तरें त्याला देतां आलीं, तर त्यानें एखाद्या जाणत्याच्या देखरेखीखालीं, मोकळ्या जागीं पुढें जावें. देतां आलीं नाहींत, तर त्या दिवशीं एंजिन पुसून, झांकून ठेवावें आणि उत्तरें शोधावीं. तीं शोधण्यांत त्याला जेवढें यंत्रशास्त्र कळेल, तेवढें नुसता कान फाडणारा आवाज ऐकून खचित कळणार नाहीं.