मोटारीचीं चाकें व स्प्रिंगा बदलतांना

वेगवान सेडान मोटार घेणारा तरुण मालक पहिल्या वर्षभरांत तिच्यांत जो पहिला फेरबदल करतो तो बहुधा चाकांचा असतो. पंधरा-सोळा इंचांचीं मूळ चाकें निघतात व त्यांच्या जागीं अठरा इंचांचीं रुंद, चकचकीत चाकें येतात. मग त्याच्या लक्षांत येतें कीं, चाक व मडगार्ड यांच्यामध्यें तीन-चार बोटें मोकळी जागा दिसते. ती झांकण्यासाठीं आंखूड स्प्रिंगा आणल्या जातात, गाडी खालीं बसते आणि पहिल्याच गतिरोधकावर टायर मडगार्डाला घांसूं लागतो. हा सारा क्रमच उलटा आहे. गाडी किती खालीं आणावयाची हें ठरल्यावांचून चाकाला किती जागा मिळेल हें कळत नाहीं. म्हणून स्प्रिंगांचा विचार आधीं व चाकांचा मागाहून व्हावयास पाहिजे.

नुसत्या सर्वसामान्य गोष्टी सांगून कोणाचें काम भागत नाहीं. एक गाडी डोळ्यांपुढें असावी. ऑक्टाव्हिया ही स्कोडा कंपनीची गाडी 2001 पासून आपल्याकडे औरंगाबाद (आजचें छत्रपती संभाजीनगर) जवळच्या शेंद्रा येथील कारखान्यांत जोडली जाऊं लागली. पुढें 2005 मध्यें तिची दुसरी पिढी ‘लॉरा’ या नांवानें आली व कांहीं वर्षें दोन्ही गाड्या दुकानांत शेजारीं-शेजारीं विकल्या गेल्या. दोहोंच्या ‘आर.एस.’ या जलद आवृत्त्याहि निघाल्या. जुन्या बाजारांत आज ह्या गाड्या हौशी तरुणांच्या हातीं पडतात, व चाकें बदलण्याचे प्रयोग त्यांच्यावर पुष्कळ होतात.

प्रथम स्प्रिंगा. चाक वर उचललें जातें तेव्हां स्प्रिंग दबते व शेवटीं रबरी अटकावावर गाडी टेकते. टेकण्यापूर्वीं चाकाला सत्तर मिलिमीटर वर जातां येतें असें समजा. गाडी तीस मिलिमीटर खालीं आणली कीं, उरतात चाळीस. आतां खड्ड्याचा तोच धक्का तेवढ्या अंतरांत जिरवावयाचा तर स्प्रिंग किती ताठ हवी? स्प्रिंगेंत सांठणारी शक्ति दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणजे सत्तरचा वर्ग भागिले चाळीसचा वर्ग, सुमारें तिप्पट. तिप्पट ताठ स्प्रिंग कोणी विकत नाहीं व कोणाच्या पाठीला ती सोसणारहि नाहीं. बाजारांतल्या आंखूड स्प्रिंगा मुळापेक्षां थोड्याच ताठ असतात. उरलेलें काम रबरी अटकावाच्या माथीं पडतें. ‘गाडी कडक झाली’ असें मालक अभिमानानें सांगतो, तेव्हां पुष्कळदां ती स्प्रिंगेवर नसून रबरावर चाललेली असते. शिवाय स्प्रिंग ताठ केली म्हणजे शॉक-अब्सॉर्बरहि तिला आवरील असा हवा. स्प्रिंग दुप्पट ताठ असेल तर आवर सुमारें 1.4 पट लागतो. जुने, थकलेले शॉक-अब्सॉर्बर तसेच ठेवून त्यांवर नव्या आंखूड स्प्रिंगा चढविणें ही काटकसर नव्हे.

आणि रस्ते? इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शनाप्रमाणें गोलसर गतिरोधक 3.7 मीटर रुंद, मध्यें 10 सेंटिमीटर उंच व 17 मीटर त्रिज्येचा असावा. लॉराच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर 2.578 मीटर. म्हणजे अशा गतिरोधकावर तिचीं चारहि चाकें एकाच वेळीं चढलेलीं असतात, व पोटाखालीं येणारा फुगवटा अवघा पांच सेंटिमीटरांचा. वर्तुळाच्या जीवेचें गणित ज्यांना आठवत असेल त्यांनीं ताडून पाहावें. पण गांवोगांवीं एका रात्रींत उभे राहणारे अरुंद, उभट ‘बंप’ ह्या हिशेबांत बसत नाहींत. त्यांची सगळी उंची पोटाखालीं येते. व गाडींत चार माणसें व सामान असेल तर पोट आधींच खालीं गेलेलें असतें. रोजचा रस्ता असा असणाऱ्यानें गाडी पंधरा-वीस मिलिमीटरांपलीकडे उतरवूं नये. मूळ उंचीच ठेवून उत्तम शॉक-अब्सॉर्बर बसविले तर तें अधिक शहाणपणाचें. चांगली वळणारी गाडी ती बुटकीच असते असें मुळींच नाहीं. उलट पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटच्या रचनेंत गाडी फार खालीं गेली कीं, खालचा आडवा दांडा चाकाच्या बाजूनें वर तिरपा होतो, गाडी ज्या बिंदूभोंवतीं कलते तो बिंदु गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षां अधिक खालीं सरकतो, आणि वळणावर कलण्याची ओढ वाढते.

उंची ठरली, आतां चाक. त्याचा विचार मधल्या भोंकापासून बाहेर करीत जावा. पहिल्या ऑक्टाव्हियाचे पांच बोल्ट 100 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत, लॉराचे 112 वर. दुकानदार ‘ऑक्टाव्हियाचें चाक’ म्हणतो तेव्हां कोणती पिढी हें विचारलें पाहिजे. पांच भोंकांच्या चाकांत समोरासमोर भोंकें नसल्यामुळें वर्तुळाचा व्यास सरळ मोजतां येत नाहीं. शेजारच्या दोन भोंकांच्या मध्यांतील अंतर मोजून त्याला 1.7 नें गुणावें: अंतर सुमारें 59 मिलिमीटर असेल तर चाक 100 चें, 66 असेल तर 112 चें. मधलें भोंक दोन्ही पिढ्यांत 57.1 मिलिमीटर. मर्सिडीजचीं चाकेंहि 112 च्या वर्तुळाचीं असतात, पण त्यांचें मधलें भोंक 66.6, तीं लॉरावर लावावयाचीं तर मध्यें बरोबर मापाचें कडें हवें. कडें नसलें तर चाक हबवर नेमकें मध्यावर बसत नाहीं व वेग वाढला कीं, स्टिअरिंग थरथरूं लागतें.

याहून गंभीर गोष्ट बोल्टाच्या बैठकीची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातें. ह्या गाड्यांच्या मूळ बोल्टाचें डोकें खालून चेंडूसारखें गोल असतें व मूळ चाकांतील खोबणीहि तशीच गोल असते. बाहेरचीं बहुतेक चाकें मात्र साठ अंशांच्या शंकूच्या बैठकीचीं असतात. गोल बोल्ट शंकूंत घातला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पाना अडतो, सारें ठीक दिसतें. परंतु धातूचा स्पर्श सबंध पृष्ठावर न होतां एका बारीक वलयावर झालेला असतो. अलॉयचा मऊ धातु त्या वलयाखालीं दबत जातो, बोल्ट ढिला पडतो, आणि तो कोठें ढिला पडेल, गल्लींत कीं द्रुतगति महामार्गावर, हें मालकाच्या हातीं राहत नाहीं. चाकें घेतांना चाकाला योग्य असे वीस बोल्ट त्याच वेळीं घ्यावे. आटा 14 मिलिमीटरांचा, दीड मिलिमीटर अंतराचा. आवळण्याचें माप 120 न्यूटन-मीटर, आणि तेंहि माप दाखविणाऱ्या पान्यानें. चाकामागें चकती घातली असेल तर बोल्ट तितकाच अधिक लांब हवा.

यानंतर आंत-बाहेरचा हिशेब. चाकावर ‘ई.टी.’ अशीं अक्षरें व पुढें आंकडा असतो. आइनप्रेसटीफ या जर्मन शब्दाचीं तीं आद्याक्षरें. चाकाच्या रुंदीचा मध्य व हबला टेकणारी बाजू यांच्यांतील मिलिमीटरांचें अंतर तें दाखवितात. आंकडा जितका लहान तितकें चाक बाहेर. लॉराचें सोळा इंची चाक 6.5 इंच रुंद व ई.टी. 50 चें. त्याजागीं 8 इंच रुंद, ई.टी. 35 चें चाक आणलें असें समजा. रुंदी दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटर वाढली. निम्मी आंत, निम्मी बाहेर. शिवाय मध्य 15 नें बाहेर सरकला. म्हणून बाहेरची कड 34 मिलिमीटर बाहेर, आंतली कड 4 मिलिमीटर आंत. मडगार्डाशीं गांठ पडणारच. तेंच चाक 7.5 इंच रुंद व ई.टी. 51 चें असेल तर बाहेर सुमारें 12 व आंत 14. आरशांत तें तितकें ऐटदार दिसत नाहीं खरें!

मध्य बाहेर सरकण्याचा दुसराहि एक परिणाम आहे. 1972 च्या आउडी 80 पासून ह्या घराण्याच्या मोटारींत स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला टायरच्या मध्याच्या किंचित् बाहेर भेटेल अशी योजना करीत आले आहेत. एका बाजूचें चाक ओल्या वाळूवर व दुसरें कोरड्या डांबरावर असतांना ब्रेक दाबला तरी गाडी आपोआप सरळ राहावी हा त्यांतला हेतु. ई.टी. पंधरानें कमी केला कीं, हें संरक्षण पुष्कळसें नाहींसें होतें.

टायरच्या उंचीबद्दल थोडक्यांत. 205/55 आर 16 चा व्यास 632 मिलिमीटर, 225/40 आर 18 चा 637. फरक एक टक्क्याच्या आंत, म्हणून वेगदर्शक फसत नाहीं. पण टायरवरचा भारांक अवश्य पाहावा. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो, 84 म्हणजे 500. स्वस्त व अरुंद 215/35 आर 18 घेणारा मालक दर चाकामागें शंभराहून अधिक किलोंची ऐपत गमावतो, व बाजूची रबरी भिंत 75 मिलिमीटरांवर येते. पावसाळ्यांतल्या एका खड्ड्यांत रिमची कड वांकावयाला तेवढें पुरें.

मोटार-वाहन कायदा, 1988 याच्या 52 व्या कलमाचेंहि स्मरण असावें. नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत फेरबदल त्याला मान्य नाहींत, व अपघातानंतर विमा कंपनी हाच धागा प्रथम उकलते.

चाकें प्रत्यक्ष विकत घेण्यापूर्वीं एक चांक मागून घेऊन पाहावें. पुढच्या स्ट्रटमधील स्प्रिंग कारागिराकडून काढवून, चाक जॅकनें रबरी अटकावापर्यंत वर उचलावें व स्टिअरिंग दोन्ही टोकांस फिरवावें. कागदावरचें गणित खरें कीं खोटें हें तेथें दिसतें. स्ट्रट व चाक बरोबरच हालत असल्यामुळें आंतलें अंतर एकदां मोजलें कीं झालें. बाहेरचें मात्र याच स्थितींत मोजावें. बसवून झाल्यावर चाकांची दिशा व कल यंत्रावर तपासून घ्यावा. लॉराच्या मागच्या चाकांना तो जुळविण्याची सोय आहे, पहिल्या ऑक्टाव्हियाच्या सलग मागच्या आंसाला ती नाहीं. म्हणून ती गाडी मागून फार उतरवूं नये. शेवटीं पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालवून, चाकें थंड झाल्यावर, वीसहि बोल्ट पुन्हां त्याच मापाच्या पान्यानें पाहावे.