वाचनाचा नेम

डिसेंबरचा शेवटचा आठवडा हा संकल्पांचा आठवडा. पहाटे उठायचं, चहात साखर कमी घालायची, जमाखर्च लिहायचा, आणि या यादीत अगदी तळाशी का होईना, ‘यंदा भरपूर वाचायचं’ हेही एक कलम असतं. तुमच्या यादीत ते नाही असं कसं म्हणू? पण भरपूर म्हणजे किती, आणि मुख्य म्हणजे काय, एवढं विचारलं की आपण जरा घुटमळतो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘सर, वर्षाला किती पुस्तकं वाचावीत?’ हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा ‘कोणतं पुस्तक वाचू?’ हा विचारला जात नाही. आता तर मोबाईलवरच पुस्तकांची मोजदाद ठेवण्याची सोय झाली आहे. वर्षारंभी पन्नासचा आकडा घालायचा आणि एकेक पुस्तक संपलं की खूण करायची. आकड्याशी माझं वैर नाही. आकडा माणसाला उठवून बसवतो. पण तोच पुस्तकं निवडू लागला की गंमत होते. नोव्हेंबर उजाडेपर्यंत एकतीस झालेली असतात, आणि मग आमचा विद्यार्थी ग्रंथालयाच्या कपाटापुढे उभा राहून पुस्तकं चक्क हातात तोलून पाहू लागतो! ज्याचा कणा बारीक, ते घरी.

तसं पाहिलं तर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ सालची कादंबरी बारीक कण्याचीच आहे. एका बैठकीत ती संपेलही. पण युरोप सोडून निघालेली ती बोट, तीवरचे निर्वासित ज्यू, आणि युद्धाच्या तोंडावर जुळलेलं ते प्रेम, हे मनातून उतरायला पंधरा दिवस लागतात. त्या पंधरा दिवसांत दुसरं पुस्तक हाती धरवत नाही. मोजदादीच्या तक्त्यात या पंधरा दिवसांना रकाना कुठला?

आता मी तुमच्यापुढे एक वेगळा हिशेब मांडतो. तो फारसा सुखाचा नाही, पण करून पाहण्याजोगा आहे. नोकरीधंदा आणि घरसंसार सांभाळणारा माणूस वर्षाला दहा पुस्तकं नीट वाचतो असं धरू. पंचेचाळिशीतल्या माणसाजवळ वाचनाची आणखी तीस वर्षं आहेत असं समजू. डोळे साथ देतील हेही गृहीत धरू. म्हणजे उरली तीनशे पुस्तकं. तीनशे! एक बऱ्यापैकी कपाट भरेल, बस्स. ‘निवृत्त झाल्यावर वाचू’ म्हणून आपण जे बाजूला ठेवत आलो, ते सगळं त्या एका कपाटात मावायचं आहे. आणि त्यात शेजाऱ्यानं आग्रहानं दिलेली, जाहिरात पाहून घेतलेली, केवळ चर्चेत आहेत म्हणून आणलेली पुस्तकंही जागा अडवून बसणार. हा हिशेब कागदावर मांडल्यापासून मी न आवडलेलं पुस्तक पन्नासाव्या पानावर मिटून ठेवतो, आणि तेही निःसंकोचपणे. सुरू केलं म्हणून संपवलंच पाहिजे, असा काही कायदा नाही.

संकल्प हा शब्द मोठा आहे; आपल्या घरांतून त्याहून साधा शब्द होता, नेम. चातुर्मासात आजी पोथी लावायची. किती पोथ्या झाल्या हे तिला कुणी विचारत नसे. आजचं वाचन झालं की नाही, एवढंच विचारत. वारकऱ्याच्या घरी ज्ञानेश्वरीच्या ओव्या रोज वाचल्या जात. ज्ञानेश्वरीत ओव्या नऊ हजारांवर. ३६५ दिवसांत वाटल्या तर रोजच्या सुमारे पंचवीस. अर्थ पाहत, अडलेल्या शब्दाशी थांबत वाचल्या तरी अर्धा तास पुरतो. पुष्कळ जण मात्र अध्यायांची वाटणी करतात. अठरा अध्याय, म्हणजे वीस-वीस दिवसांचा एक! इथेच नेम फसतो. बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत आटोपतो. तेरावा अकराशेंच्या पुढे जातो. आणि अठरावा अठराशेंच्याही पुढे, म्हणजे एकटाच सगळ्या ग्रंथाचा पाचवा हिस्सा. बाराव्यापाशी सैल झालेला वाचक तेराव्यात धापा टाकतो आणि ग्रंथ बासनात जातो. दोष ग्रंथाचा नाही, श्रद्धेचाही नाही, भागाकाराचा आहे. ज्यांना पारमार्थिक वाचनात रस नाही त्यांनी हेच माप कादंबरीला लावावं. रोजची दहा पानं म्हणजे अडीचशे पानांची कादंबरी पंचवीस दिवसांत. वर्षाकाठी चौदा होतात, आणि पळापळ न करता होतात.

याच्या उलट, वर्षभरात एकच पुस्तक, असाही नेम करता येतो. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झालं. त्यात बारा मराठी महिन्यांवरचे लेख आहेत. लोक ते दोन दिवसांत वाचून टाकतात. तुम्ही तसं करू नका. पौषातला लेख पौषात वाचा, चैत्रातला चैत्रात. वाचून झाल्यावर रस्त्यावरचं एखादं झाड पाहून या. दुर्गाबाईंना जे दिसलं ते आपल्याला दिसतं का, हे पाहायला त्या महिन्यापुरती तरी संधी असते. यासाठी जानेवारीऐवजी गुढीपाडव्याला आरंभ केला तर अधिक बरं. पाडवा हेही नवं वर्षच की!

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबईचं १८९८ सालचं. तालुक्याच्या गावीही सार्वजनिक वाचनालय बहुधा असतंच. नसेल तर शाळेचं कपाट असतं, फक्त किल्ली कुणाकडे आहे हे शोधावं लागतं. वाचनालयाच्या पुस्तकाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ते परत करायचं असतं. स्वतःचं पुस्तक दहा वर्षं उशाशी पडून राहतं. वाचनालयाचं मागच्या पानावरच्या तारखेमुळे वाचून होतं.

राहता राहिला मोबाईल. वाचायला बसताना तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. पुस्तकच मोबाईलवर वाचणाऱ्यांनी काय करावं, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

आणि हो, दिवाळी अंक. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाचं नवं वर्ष अर्धवट वाचलेल्या अंकांनिशी सुरू होत आलं आहे. जानेवारीत ते आधी संपवा. यादी मग करा.

ज्ञानेश्वरीचा नेम एक जानेवारीला धरणारा माणूस रोजच्या पंचवीस ओव्यांनी ऑक्टोबरच्या मध्याला अठराव्या अध्यायापाशी पोहोचतो. २०१५ पासून आपल्याकडे १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात, तो नेमका तेव्हाच येतो. पुढे अडीच महिन्यांचं वाचन उरलेलं असतं, आणि दारात नवे दिवाळी अंक येऊन पडू लागलेले असतात.