ओवाळणीतलं घर आणि घरपट्टी



कोथरूडचा फ्लॅट मी थोरल्या भावाकडून विकत घेतला, तेव्हा सगळा व्यवहार एका चहात ठरला. दादा बडोद्याला स्थायिक झालेला, फ्लॅटमध्ये भाडेकरू. किंमत त्याने बाजारभावापेक्षा बरीच कमी सांगितली आणि म्हणाला, "उरलेली ओवाळणी समज." वहिनींनी पेढे आणले. घरपट्टी भरलेली आहे का, हे विचारायला माझी जीभ रेटेना. परका असता तर शेवटच्या बिलाची पावती हातात आल्याशिवाय मी इसारसुद्धा दिला नसता!

ताबा घेतला त्या दिवशी दारामागच्या खिळ्याला कागदांचा एक गठ्ठा दिसला. भाडेकरू येणारं प्रत्येक बिल तिथेच अडकवत होता आणि दादाला वाटत होतं, तो भरतोय. गठ्ठ्यात घरपट्टीची दोन बिलं होती. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, ती चढली होतीच. आता हे कुणी भरायचं? 1949 चा महानगरपालिका अधिनियम सांगतो की शासनाचा जमीन महसूल वगळला, तर मालमत्ता कराचा पहिला बोजा मिळकतीवरच असतो. म्हणजे घराबरोबर बाकीही माझ्याकडे आली. मी निमूट भरली, दादाला कळवलंही नाही. (तो हे भाषण ऐकत असेल तर आज कळेल.)

पुढची चूक मात्र माझी एकटीची. घराची मालकी बदलली की तीन महिन्यांत महापालिकेला कळवावं लागतं. नाही कळवलं, तर विकणाऱ्यावरची कराची जबाबदारी सुटत नाही. मी दोन वर्षं दादाच्याच नावाने भरत राहिले. नाव काय, आज ना उद्या बदलेल! मग एकदा जिन्यात शेजारच्या काकूंचं बिल सहज पाहिलं. तेवढंच घर, तोच मजला, आणि रक्कम माझ्यापेक्षा कितीतरी कमी.

पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत 40 टक्के सवलत मिळते. ती 1970 पासूनची. मध्यंतरी गेली होती, 2023 मध्ये परत आली. पण महापालिकेच्या दफ्तरी माझ्या घरात अजून दादाचा भाडेकरूच नांदत होता. सवलत मिळवायला पीटी-3 नावाचा अर्ज असतो. सोबत सोसायटीचं पत्र आणि आपण तिथेच राहतो याचा पुरावा, म्हणजे मतदार ओळखपत्र किंवा गॅसचं कार्ड, जोडायचं. अर्ध्या दिवसाचं काम, मी दोन वर्षं लांबवलं.

आणि ती ओवाळणी? सरकारदरबारी ओवाळणी हा शब्दच नाही. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचा सरकारी दर आणि ठरलेली किंमत यांतलं जे जास्त, त्यावर. बाई म्हणून मला त्यात 1 टक्का सूट मिळाली, तेवढंच माहेर. भावाकडून स्वस्तात घेतलं म्हणून मला प्राप्तिकर लागला नाही, कारण भाऊ कायद्याने नातेवाईक. पण दादाचा भांडवली नफा मोजताना, किंमत आणि रेकनर यांत 10 टक्क्यांहून जास्त तफावत असल्याने, रेकनरचीच रक्कम धरली गेली. न मिळालेल्या पैशांवर त्याने कर भरला. व्यवहार 50 लाखांचा किंवा वरचा असता तर सख्ख्या भावाच्याही रकमेतून 1 टक्का कापून मला सरकारजमा करावा लागला असता.

काहीजण म्हणतात, मग बक्षीसपत्र करायचं. राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडांना किंवा नवरा-बायकोने एकमेकांना दिलं, तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये. बहीण-भाऊ त्या यादीत नाहीत, हे मी विचारून आले.

यंदाचं बिल माझ्या नावाने आलं. खिळा मी काढला नाही. पावती त्यालाच लावलीय.